भिंतीला भिंत लागलेलं घर

आम्ही धारला ज्या गल्लीत राहायचो, तिथली पाच घरं एका रांगेत, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी होती. घरं कसली, प्रत्येकाच्या वाट्याला पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे हातभर अंगण. दरबाराचे गालिचे आणि तंबू सांभाळणाऱ्या फरास लोकांसाठी ती कधीकाळी बांधलेली. माझे आजोबा-पणजोबा त्याच कामावर होते. पुढे दरबार गेला, गालिचे गेले, घरं सरदारपूरच्या एका शेठजींनी घेतली आणि आम्ही जिथं मालकासारखे वावरलो तिथंच भाडेकरू झालो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पीथमपूरच्या कारखान्यात मशीनवर होते. पाळीची बस नाक्यावर येऊन हॉर्न वाजवायची आणि आमच्या घरातलं घड्याळ म्हणजे तो हॉर्न.

त्या घरात शांतता अशी नव्हतीच. डावीकडच्या भिंतीपलीकडे सुमनकाकू. त्यांचे यजमान बँडवाल्यांचे लाल कोट शिवायचे, त्यामुळे मशीनची घरघर दिवसभर. दोरा तुटला तर आम्हाला इकडे कळायचं. उजवीकडे सज्जनभाभी, त्या अस्सल माळवी. त्या दुकानांना शेव करून द्यायच्या. कढईत घाणा पडला की चर्र आवाज व्हायचा आणि लवंग-ओव्याचा वास आमच्या पांघरुणांना लागायचा. आमच्याकडे फोडणीत लसूण जास्त जळला तर त्या पलीकडून आईला सांगायच्या. भिंतीला कान असतात असं लोक कुरकुरत म्हणतात. आमच्या भिंतींना कान होते म्हणून मी आज हे लिहायला आहे.

अण्णा दारू पीत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मी मारहाणीचं सांगायला लागले की ऐकणारा हमखास विचारतो, "पीत होते का?" जणू बाटली सापडली की सगळा उलगडा झाला. अण्णांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. ते देखणे होते, टापटिपीचे होते, कामावर जातानाही शर्टाला कडक इस्त्री. गल्लीतल्या बायकांशी अदबीनं बोलायचे, पोरांना बोरकुट द्यायचे. आणि घरी पूर्ण शुद्धीत, थंड डोक्यानं आईला मारायचे. कारण काहीही चालायचं. पोह्यांवर शेव आधी भुरभुरली आणि ती मऊ पडली, हेही एकदा पुरलं होतं. कधी पट्टा, कधी पाट, एकदा चुलीवरचा चिमटा. आई ओरडायची नाही. तिच्या माहेरी तिला शिकवलं होतं की घरातलं घरात. माझ्या पाठचं एक मूल पोटातच गेलं. ते का गेलं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. पण आई ओरडली नाही तरी भांडी पडायची, पाट भिंतीवर आपटायचा, आणि एवढं पुरेसं असायचं.

आमच्या गल्लीत त्यावर एक रीत होती. कोणी सुरू केली मला ठाऊक नाही, मला कळायला लागलं तेव्हापासून होती. कोणाच्या घरात हात उठला की शेजारची बाई रिकामी वाटी घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "विरजण आहे का हो?" बस, एवढंच. भांडण सोडवायला आले असं म्हणायचं नाही, कोणी रडत असेल तर तिकडे बघायचंही नाही. अण्णांसारखा अदबीचा माणूस मग हातातलं खाली ठेवून म्हणायचा, "या वहिनी, बसा." बाई बसायची. विरजण मिळालं तरी उठायची नाही, चहा होईपर्यंत बसायची. तोवर दुसरी वाटी यायची, मग तिसरी. एवढ्या बायका पदर सावरून खोलीत बसल्यावर कोणता नवरा हात उगारणार? तोवर बस चुकायची वेळ व्हायची नाहीतर राग उतरायचा. आई पण जायची. पाचव्या घरातल्या नव्या सुनेवर सासऱ्यानं काठी उचलली, तेव्हा आईचा स्वतःचा ओठ सुजलेला होता, तरी ती वाटी घेऊन निघाली आणि मला हाताला धरून बरोबर नेलं. घरी दही लावलेलं होतं की नाही याचा त्या वाटीशी काही संबंध नसायचा.

अशात शेठजींनी निरोप पाठवला की रांग विकायची आहे. राहतोय त्याला पहिला हक्क, नको असेल तर सांगा. आणि नेमका त्याच सुमाराला माझा मामा देवासहून आला. तो तिकडे एका कंपनीत सुपरवायझर होता. त्यानं एका नव्या कॉलनीत घर हेरून ठेवलं होतं, आणि अण्णांना आपल्या कंपनीत लावून देण्याचीही त्याची तयारी होती. दोघे पुढच्या खोलीत बसले आणि घरांचा तराजू सुरू झाला. आई आत मामासाठी भुट्ट्याचा कीस ढवळत होती. धारच्या घराला ओल, पाणी एक दिवसाआड, गल्लीत जीप शिरत नाही, वरती मजला चढवायचा तर पाचही घरांना विचारा. देवासला स्वतःचा नळ, चारी बाजूंनी मोकळी जागा, गच्ची, पेरूचं झाड, शाळा इंग्रजी, टेकडीवरच्या देवीचं दर्शन हवं तेव्हा. धारच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतंच. फार तर वाडवडिलांची जागा, एवढंच मामा म्हणाला, आणि लगेच म्हणाला की वाडवडीलही दुसऱ्याच्याच घरात राहिले. अण्णा हसले. ते मोकळं हसले की फार छान दिसायचे.

कीस वाढायला आई बाहेर आली तेव्हा ती मामाला हळूच म्हणाली, "तिकडे विरजण मागायला कोण येईल रे?" मामानं चमचा तोंडात धरूनच हात झटकला. "अगं ताई, कोणत्या जमान्यात आहेस? कॉलनीच्या तोंडाशीच डेअरी आहे. तयार दही मिळतं, लागेल तेवढं." मामा वाईट नव्हता. पण तो ज्या घरात वाढला तिथं अशी रीत नव्हतीच. विरजणाच्या वाटीत त्याला दहीच दिसणार. आई पुन्हा आत गेली आणि मला म्हणाली, मंदा, खाऊन घे.

माझ्या मामेबहिणीची मुलगी सध्या घर बघते आहे. दर रविवारी तिचा फोन येतो, मावशी, पूर्वमुखी आहे, पण पार्किंग लांब आहे. मावशी, लिफ्ट आहे, पण शेजारी कोण येणार ते कळत नाही. मी म्हणते, पार्किंग मरू दे, शेजारी कोण येणार ते विचार. ती हसते. तिला वाटतं म्हातारीला गप्पांना माणसं लागतात.

तर आम्ही देवासला घर बघायला गेलो. अण्णा, आई, मी, मामा आणि तिथला एक दलाल. घर खरंच सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. फरशी गार, भिंती जाड, खिडक्यांना पक्की तावदानं. स्वयंपाकघरात दोन बायका फिरतील एवढी जागा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घरातच नळ बघितला. कॉलनीत अजून वस्ती नव्हती. समोर एक घर, त्याला कुलूप. दलाल माणूस उत्साही, अण्णांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भिया, टीव्ही कित्ता बी तेज चलाओ, बाहर कुछ नी जायगा." मामा म्हणाला, "बघा दाजी, ह्याला म्हणतात शांतता." मग पुरुष गच्ची बघायला वर गेले.

ते वर गेल्याबरोबर आई मला म्हणाली, "मंदा, त्या समोरच्या घराच्या फाटकापाशी जाऊन उभी राहा. मी दारं-खिडक्या लावून आतून हाक मारते. ऐकू आली की ये."

मी जाऊन उभी राहिले. ऊन रणरणत होतं. लांब मोठ्या रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा घुमारा येत होता. मी घराकडे कान लावून उभी राहिले. गच्चीवरून मामाचं हसणं ऐकू आलं, पण आईची हाक काही येईना. मला वाटलं ती विसरली, खोल्या बघण्यात रमली. कंटाळून मी फाटकाच्या गजावर पाय ठेवून झुलायला लागले, तेवढ्यात आई स्वतःच बाहेर आली. तिचा चेहरा लाल झालेला, मानेवरच्या शिरा वर आलेल्या.

"ऐकलंस?" तिनं विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"नाही. कधी मारलीस?"

"मारली ना. होता नव्हता तेवढा जीव लावून मारली." ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला पहिल्यांदा सगळं समजलं. ती हे घर का बघत होती ते नव्हे, ती रोज दारात येणाऱ्या वाटीची वाट बघत जगत होती ते. मला भीती वाटली.

पुरुष खाली आले. अण्णांनी विचारलं, काय, पसंत? आई उठून उभी राहिली आणि दलालासमोर, मामासमोर म्हणाली, "मला हे घर नको." मामा हसून म्हणाला की बायकांना आधी कुठलंच घर आवडत नसतं. अण्णाही हसले, म्हणाले, बघू. ते हसू मोकळं नव्हतं. धारला येईपर्यंत बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले, मला शेंगा घेऊन दिल्या, आईला एकदाही काही बोलले नाहीत. मी त्या शेंगा फोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळपाळी होती. उन्हं उतरायला लागल्यावर आले. आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, जेवले, हात धुतले. मग पुढचं दार लोटून वरची कडी लावली. दिवसाउजेडी आमच्या गल्लीत कोणी आतून कडी लावत नसे. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. अण्णांनी भिंतीकडची लोखंडी ट्रंक ओढत आणून दाराला टेकवली आणि म्हणाले, "चारचौघांत माझं नाक कापतेस?" आवाज अजिबात चढला नव्हता. जेवायला बसायचा पाट त्यांनी उचलला.

पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यावर येत होता तो आईनं हातावर घेतला, आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. हात कोपराच्या खाली नको तिथं वाकला. त्याच वेळी दार वाजलं. "वहिनी, विरजण आहे का?" सुमनकाकूंचा आवाज. अण्णा थांबले, कपाळावरचा घाम पुसला आणि दाराकडे तोंड करून गोड आवाजात म्हणाले, "आज नाही हो वहिनी, संपलं." आणि पुन्हा पाट उचलला. आई भिंतीशी बसली होती, त्यांनी तिला केसांना धरून उभी केली. मग सज्जनभाभींचा आवाज आला, "भाभी, थोडो जामण दई दो." अण्णा म्हणाले, "भाभी, नी है आज." पाटाची कड आईच्या तोंडावर बसली. भिंतीवर रक्त उडालं, माझ्या फ्रॉकवरही. दारावर आता नुसत्या थापा पडत होत्या. वाट्यांच्या, हातांच्या. रीत संपली होती. कडीपुढे विरजणाचं काय चालणार?

तेव्हा आई ओरडली. मार खाताना पहिल्यांदा. "सुमन! मारतोय मला! दार फोड!" तिनं नवऱ्याबद्दल एकेरीत बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णाही क्षणभर चकित झाले. तेवढ्यात मी ट्रंकेवर चढले. एरवी माझा हात त्या कडीला पुरत नसे. ट्रंक त्यांनीच तिथं ठेवली होती. कडी घट्ट होती, मी दोन्ही हातांनी हिसका दिला. अण्णांनी माझी वेणी धरून मागं खेचलं, मी खाली आले, डोकं ट्रंकेच्या कडेवर आपटलं आणि डोळ्यांपुढे काळोख आला. पण कडी निघाली होती. बाहेरून बायकांनी खांदा लावला, ट्रंक फरशीवर खरडत मागे सरली, आणि गल्ली आत आली.

त्यांनी अण्णांना मारलं. मी हे मऊ करून सांगणार नाही. सुमनकाकूंच्या हातात कापड मोजायचा लाकडी गज होता, तो त्यांनी अण्णांच्या पाठीवर मोडेपर्यंत चालवला. सज्जनभाभी कढईवरून तशाच उठून आल्या होत्या, तापलेला झारा घेऊन. त्यांनी तो अण्णांच्या दंडावर टेकवला आणि दाबून धरला. चरचरलं. पाचव्या घरातली ती नवी सून, जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, तिनं पितळी वाटी मुठीत धरून त्यांच्या तोंडावर हाणली, पुन्हा हाणली, दात पडला तरी थांबेना. आणि अण्णा मार खाताना म्हणत होते, "अहो वहिनी, अहो भाभी, अहो ऐका." अदब सुटली नाही. पुरुष बाहेर उभे होते, सुमनकाकूंचे यजमान गळ्यात टेप घालून. एकही आत आला नाही, आणि एकानंही बायकांना आवरलं नाही. शेवटी अण्णा उंबऱ्यावर अडखळून पडले, उठले, आणि फाटक्या शर्टानं अनवाणी गल्लीतून निघून गेले. मला आनंद झाला. डोक्यातून रक्त येत होतं आणि मला आनंद झाला. हल्ली सुशिक्षित माणसं मला समजावतात की हिंसेनं प्रश्न सुटत नाहीत. मी त्यांना चहा देते.

दवाखान्यात आईचा हात इतका सुजला होता की सोन्याची पाटली मांसात रुतली. सोनाराला बोलावून कातरीनं ती कापावी लागली, मग प्लास्टर झालं. अण्णा मामाकडे देवासला गेल्याचं कळलं. चार दिवसांनी मामा आला, चेहरा पाडून. म्हणाला, ताई, झालं ते झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जिथं बायका पुरुषाच्या अंगावर हात टाकतात अशा गल्लीत आता दाजी कसे राहतील? ते घर अजून गेलेलं नाही, मी बोलून ठेवतो. आईचे ओठ अजून शिवलेले होते, त्यामुळे तिला सावकाश बोलावं लागलं. "त्यांना घे तिकडे घर. त्यांना शांतता आवडते." मामानं विचारलं, आणि तू? आई म्हणाली, "मी हे घेतलंय."

खरंच घेतलं होतं. आदल्या दिवशी शेठजी आले होते तेव्हा तिनं कापलेली पाटली आणि दुसऱ्या हातातली धड पाटली दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या होत्या, बयाणा म्हणून. शेठजी कापलेल्या सोन्याकडे बघत राहिले आणि कागद तिच्या नावावर करायला तयार झाले. पुढचे पैसे तिनं कसे उभे केले त्यात शेवेची पाकिटं आणि बँडच्या कोटांची बटणं बरीच आहेत. मामा त्या दिवशी जेवला नाही. जाताना त्यानं मला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावरची पट्टी बघितली, आणि निघून गेला. मला वाटतं त्याला तेव्हा विरजणाचं कळलं असावं.

अण्णा परत आले ते त्यानंतर एका दुपारी. देवासचं घर त्यांनी घेतलं नाही. का, ते कधी बोलले नाहीत. एकट्या माणसाला चार खोल्या काय करायच्या. सुमनकाकू आमच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या, आईचा हात अजून गळ्यात होता. अण्णा दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. दंडावरची जखम शर्टाखाली फुगीर दिसत होती, पुढचा दात नव्हता. डावीकडची मशीन थांबली. उजवीकडे कढईखालचा स्टोव्ह बंद झाल्याचं ऐकू आलं. अण्णा म्हणाले, "आत येऊ का?"

आईनं सुमनकाकूंकडे बघितलं. "काय गं, येऊ द्यायचं?"

"घर तुझं आहे," सुमनकाकू म्हणाल्या. त्यांनी कणीक मळणं काही थांबवलं नाही.

मला वाटत होतं तिनं नाही म्हणावं. मी मनात देवीला नवस बोलत होते की नाही म्हणू दे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"या," ती म्हणाली. "पण दार उघडं राहील."

ते आत आले आणि भिंतीशी बसले. दार उघडं राहिलं, त्या दिवशी आणि त्यानंतरही. कुत्री शिरायची, धूळ यायची, पोळ्या मांजरांनी नेल्या. त्या हिवाळ्यात आम्ही तिघंही कुडकुडलो, आणि सगळ्यात जास्त कुडकुडायचे ते अण्णा, कारण त्यांची झोपायची जागा दारापाशी होती. पण दार लावा, असं म्हणायची त्यांची छाती कधी झाली नाही.